गाडी बंद राहिली असती तर…

मुमताजचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "विजूताई, आपा निघाली का हो? मी केव्हाची तयार होऊन बसलेय. फोन उचलत नाहीये ती." मुमताज म्हणजे माझ्या मैत्रिणीची, नसीमची, धाकटी बहीण. ती उरणला राहते. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा तिला पनवेलच्या हॉस्पिटलात डायलिसिसला आणायचं आणि परत सोडायचं, हे काम गेली काही वर्षं नसीमच करत होती, स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवत. "रस्त्यात असेल, ट्रेलरच्या गर्दीत अडकली असेल," असं मी म्हटलं खरं, पण मेथी तशीच टाकून उठले. नसीम उशीर करणारी बाई नव्हती, आणि तिला काय झालेलं असू शकतं हे मला माहीत होतं…

करंजाड्याहून तिच्या घरी रिक्षाने पोचायला फारसा वेळ लागत नाही. गाडी पडवीतच उभी होती. पुढच्या सीटवर मुमताजची उशी ठेवलेली. घराचं दार लोटलेलं. नसीम दाराशेजारच्या खुर्चीत बसलेली होती, पायात चपला, मांडीवर पर्स. मान एका बाजूला कललेली. मी आयुष्यभर औषधाचं दुकान चालवलं आहे, डॉक्टर नाही. पण तिचं मनगट हातात घेतल्यावर मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मग मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मुमताजला फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही. पलीकडून मुमताज एवढंच म्हणाली, "माझ्यासाठीच निघत होती ना?"

आमची ओळख मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत झाली. दोघींनी पन्नाशी ओलांडलेली. बाकी सगळी कॉलेजची पोरं, म्हणून शिकवणाऱ्या सरांनी आम्हा दोघींना एका वेळेला घातलं. एक चालवायची, दुसरी मागे बसून जीव मुठीत धरायची. माझी गाडी चढावर बंद पडली आणि मागून हॉर्न सुरू झाले की मी रडकुंडीला यायची. तेव्हा मागच्या सीटवरून नसीम म्हणायची, "वाजवू दे त्यांना. त्यांच्या बापाचा रस्ता आहे काय?" मला लायसन्स मिळालं आणि मी ते कपाटात ठेवून दिलं. नसीमने मात्र लायसन्स वापरायला काढलं होतं. तिचे मिस्टर, युसूफभाई, बरीच वर्षं कुवेतला होते. तिथल्या एका कंपनीत स्टोअरकीपर. कायमचे परत आले तेव्हा त्यांनी एक जुनी छोटी लाल गाडी घेतली. जुम्म्याची नमाज झाली की ते पडवीत तिचं बॉनेट उघडून उभे राहायचे. नसीम फडकं घेऊन शेजारी. ती घरी शिलाईकाम करायची, अर्ध्या गल्लीचे ब्लाऊज आणि ड्रेस तिच्या हातचे. मशीनवरून उठून ती गाडीपाशी जायची आणि त्यांना प्रश्न विचारून हैराण करायची. हे काय, ते कशाला, हे फिरतं ते कुठून फिरतं? युसूफभाई गेल्यावर ती गाडी तिने पडवीत झाकून ठेवली नाही. पुढच्याच आठवड्यात ती मुमताजला आणायला निघाली.

गाडीचं दुखणं सुरू झालं ते खडखडीने. सकाळी चावी फिरवली की पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज यायचा, आणि थोड्या वेळाने जायचा. मग समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. पुलाच्या चढावर गाडी ओढेना. नसीमने ती गॅरेजला दाखवली. त्यांनी कुठलासा सेन्सर बदलला, दिवा घालवला, आणि चार-सहा दिवसांत तो परत लागला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने आवाज ऐकला आणि मान हलवली. "इंजिन खोलायला लागेल मॅडम. एवढ्या जुन्या गाडीला कशाला? काढून टाका." तरी ती चालवत राहिली. आणि मग एका दिवशी उलव्याच्या अलीकडे गाडी रस्त्यातच बंद पडली. डायलिसिस करून परत चाललेली मुमताज शेजारी. अंगात त्राण नाही, बाजूने एकामागून एक कंटेनरचे ट्रेलर धडधडत चाललेले, आणि प्रत्येक ट्रेलरबरोबर गाडी हलतेय. दोघी बहिणी बराच वेळ तशा बसून होत्या. शेवटी एका टेम्पोवाल्याने गाडी ओढून आणली. मुमताज घरी पोचेपर्यंत अर्धमेली झाली होती.

इम्रान, नसीमचा मुलगा, दोहाला असतो. चांगला मुलगा. रोज फोन करणारा. त्याने सांगितलं, "अम्मी, गाडी विकून टाक. खालाजानसाठी आपण रिक्षा लावू. आणि तू आता इकडे ये. एकटी काय करतेस तिथे?" यात चुकीचं काहीच नव्हतं. पण रिक्षावाले आजवर तीन झाले होते. एकाला मोठं भाडं मिळालं की तो यायचा नाही, दुसरा डायलिसिस संपेपर्यंत थांबायचा नाही, तिसऱ्याच्या रिक्षात मुमताजला भोवळ आली तर त्याने तिला अर्ध्या वाटेवर उतरवून दिलं. हे नसीमने इम्रानला कधी सगळं सांगितलं नाही. मला म्हणाली, "गाडी बंद आहे म्हणून तो मला बोलावतोय. गाडी चालू झाली की बोलावायला कारण राहायचं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे आता करणार काय?"

"बघू तर खरं, झालंय काय तिला."

तिने एक लहानसं यंत्र मागवलं. ते स्टिअरिंगच्या खाली खोचायचं, आणि गाडीत बिघाड कुठे आहे ते मोबाईलवर दिसायचं. मोबाईलवर जे आलं त्याचा अर्थ तिने मला शिलाई मशीनवर दाखवला. "हे बघ, सुई खाली येते, त्याच वेळी खालच्या शटलचं टोक तिथे पोचलं पाहिजे. तरच टाका पडतो. शटल जरा मागे राहिलं की टाका सुटतो, नाहीतर सुई मोडते. इंजिनात पण तसंच. खाली एक दांडा फिरतो, तो पिस्टन वरखाली करतो. वर एक दांडा फिरतो, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. कॅमशाफ्ट म्हणतात त्याला. दोघांना बांधणारी एक चेन असते. आपल्या गाडीत वरच्याचा आणि खालच्याचा मेळ राहिलेला नाही." मग तिने एकदम इंजिन खोललं असं नाही. आधी ऑइल बघितलं, ते काळं आणि कमी निघालं. ते बदललं. खडखड जरा कमी झाली, दिवा तसाच. मग वायरी तपासल्या, ऑइलच्या वाटेवरच्या एका वॉल्व्हची बारीक जाळी काढून साफ केली, आणि परत लावली. दिवा तसाच. या सगळ्यात दिवसच्या दिवस जात होते. मुमताज नाइलाजाने रिक्षाने येत होती आणि दर खेपेला नसीमचा चेहरा उतरत होता.

शेवटी तिने इंजिनाचं वरचं झाकण काढलं. मी टॉर्च धरून उभी होते. खालच्या दांड्याचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवत तिने त्याची खूण जागेवर आणली. आता वरच्या दांड्याच्या दातेरी चक्राची खूणही समोर यायला हवी होती. ती एक दात मागे होती. चेन बोटाने उचलली तर सैल उठली. नसीम माझ्याकडे बघून हसली नाही की काही नाही. नुसती म्हणाली, "हिने मुमताजला रस्त्यात बसवलं."

नवी चेन, तिच्या पट्ट्या, ती ताणून धरणारा टेन्शनर, हे सगळं आम्ही कळंबोलीच्या दुकानातून आणलं. पुढचं झाकण काढायला पुलीचा बोल्ट सुटेना, तेव्हा पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून आम्ही दोघी त्यावर भार देऊन लोंबकळलो. तो सुटला आणि मी धपकन खाली बसले. त्या दिवशी आम्ही खूप हसलो. मला वाटतं, त्या सबंध काळात तेवढंच हसलो.

चेन बसवायच्या दिवशी नसीमने खुणांवर लाल नेलपॉलिश लावलं, नीट दिसावं म्हणून. चेन चढवली, टेन्शनरची पिन ओढली. मी म्हटलं, "लाव आता चावी." ती ओरडलीच. "चावी नको! आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे. चुकलं असेल तर हाताला कळतं. चावी लावली तर इंजिनाला कळेल." तिने पाना लावला, फिरवू लागली, आणि अर्ध्यात तो अडकला. मी म्हटलं जरा जोर दे. "नाही. आत वॉल्व्ह पिस्टनला टेकतोय. जोर दिला तर वाकून जाईल, मग सगळंच संपलं." तिने पाना खाली ठेवला, पालथ्या बादलीवर बसली, आणि उजवा तळवा छातीवर दाबून धरला. मला वाटलं हताश झाली. मग तिच्या कपाळावरचा घाम बघितला. ऊन नव्हतं, पडवीत वारा होता… "डावा हात दुखतोय का?" मी विचारलं. ती म्हणाली, "पान्याने दुखतोय."

मी तिला तसंच, ऑइलच्या हातांनी, रिक्षात घातलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, परत काढला. म्हणाले, रक्त नीट पोचत नाहीये, अँजिओग्राफी करून घ्या, लगेच ॲडमिट व्हा. नसीमने विचारलं, "नंतर गाडी कधी चालवता येईल?" डॉक्टर म्हणाले, ते आत काय सापडतं त्यावर आहे. तिने गोळ्या लिहून घेतल्या आणि उठली.

त्या संध्याकाळी आम्ही भांडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "तू मेलीस तर मुमताजला कोण नेणार आहे?" ती म्हणाली, "आणि मी तिथे पडून राहिले तर तोवर तिला कोण नेणार आहे? सांग ना. नाव सांग एक." मी घरी येऊन इम्रानला फोन केला, सगळं सांगितलं. त्याने लगेच आईला फोन लावला. तिने त्याला काय सांगितलं ते मला त्याच्याकडूनच नंतर कळलं. "डॉक्टर म्हणाले गोळ्यांनी भागेल. विजू घाबरट आहे, तुला माहीत आहे." त्याने परत विचारलं, "गाडी अजून बंदच आहे ना?" ती म्हणाली, "आहे बंद. सध्या."

मी ठरवलं होतं की आता टॉर्च धरायला जायचं नाही. आधी हॉस्पिटल, मग गाडी. पण ती एकटी त्या उघड्या इंजिनावर वाकलेली डोळ्यांपुढून जाईना, आणि मी गेले. ती गोळ्या घेत होती, पानाही चालवत होती. चूक कुठे झाली ते तिने तोवर शोधून काढलं होतं. चेनीचा ढिलेपणा भलत्या बाजूला राहिला होता, म्हणून टेन्शनर सुटताच वरचं चक्र एकदम तीन-चार दात सरकलं. तिने चेन परत काढली, परत चढवली. यावेळी पाना फिरत गेला. एक फेरा, दुसरा फेरा, कुठेही न अडता. लाल खुणा समोरासमोर आल्या. मग सगळं झाकून, बोल्ट आवळून तिने मला चावी दिली. "तू लाव. माझ्याने नाही व्हायचं." मी लावली. आधी थोडी खडखड, आणि मग ते इंजिन असं चालू राहिलं की पडवीतल्या तारेवरचा हातरुमालसुद्धा हलत नव्हता. पिवळा दिवा गेला. नसीम भिंतीला टेकून उभी होती. डोळे पुसत म्हणाली, "गाडीचं झालं. आता माझं बघू."

तिचं बघणं झालं नाही. रमजान होऊ दे, मग ईद होऊ दे, मग डायलिसिसच्या सुईसाठी मुमताजच्या हाताच्या शिरेचं ऑपरेशन होऊ दे. मी तारीख घेऊन यायचे, ती मोडायची. प्रत्येक वेळी कारण खरं असायचं, हेच तर वाईट होतं. आळसाने टाळणाऱ्या माणसावर चिडता येतं. नसीम गाडी घेऊन उरणला जायची, यायची, परत जायची, आणि गाडीने तिला एकदाही दगा दिला नाही. मी मनातल्या मनात त्या गाडीचा राग करू लागले होते…

इम्रान आला तो मय्यतीला पोचला. तेव्हा तो काही बोलण्याच्या स्थितीत नव्हता. चाळिसाव्या दिवसाची फातिहा पढून पाहुणे पांगले, तेव्हा तो माझ्यासमोर येऊन बसला. राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मावशी, एक विचारू? ती गाडी बंदच राहिली असती तर अम्मी माझ्याकडे आली असती ना? तिथे मी तिला धरून हॉस्पिटलात नेलं असतं." आतल्या खोलीत मुमताज पडलेली होती, दार उघडं होतं. तिलाही ऐकू गेलं असणार. आली असती, हे खरं आहे. जगलीही असती कदाचित. आणि मग डायलिसिसला नेणारं कुणी नसताना आतल्या खोलीतली मुमताज उरली नसती, हेही त्याला माहीत होतं. मी म्हटलं, "मला नाही सांगता येत रे." त्याने मान हलवली आणि चहाचे कप उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी मुमताजचं डायलिसिस होतं. मय्यतीपासून घरी आलेले पाहुणे तिला मिळेल त्या वारी नेत होते; नेहमीच्या वारी ती आज पहिल्यांदाच चालली होती. इम्रान म्हणाला, मी नेतो. मी सोबत गेले. मुमताजला आत घेतल्यावर आम्ही बाहेरच्या हॉलमध्ये आलो. पेशंटबरोबर आलेल्या बायका तिथे बसलेल्या असतात, तेच चेहरे, त्याच दिवशी, चार-चार तास. कुणी लसूण सोलतं, कुणी तिथेच डुलकी काढतं. खिडकीशी एक खुर्ची होती, तिच्यावर पिशवी ठेवलेली. इम्रान तिकडे गेला तशी शेजारची बाई, उरणकडची कोळीण, पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "थितं नको बाबा, ती आमच्या आपाची जागा हाय. उजेडात बसून शिवते ती." मग तिने मला पाहिलं, मी एक-दोनदा नसीमबरोबर आलेली तिला आठवत होते. "आपा नाय आली? लई दिवस झाले. गाडी बिघडली काय परत?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण इम्रानच बोलला. "अम्मी गेली. मी तिचा मुलगा."

लसूण सोलणारीचे हात थांबले. एक बाई उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. इम्रान उभाच होता. कुठल्याही क्षणी निघून जाईल असं वाटत होतं. त्या कोळणीने डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं, आणि खुर्चीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"बस," ती म्हणाली. "टाइम लागंल अजून."

तो बसला. मुमताजचं होईपर्यंत तो तिथून उठला नाही. त्या बायकांनी त्याला नसीमचं काय काय सांगितलं; मी थोडं ऐकलं, थोडं नाही. कुणाच्या नातीचा फ्रॉक तिने तिथे बसून शिवला होता, कुणाला परतीच्या वाटेवर गव्हाण फाट्यापर्यंत सोडलं होतं. मुमताजला बाहेर आणल्यावर तिची उशी त्याने काखेत घेतली, आणि तिला धरून लिफ्टकडे चालू लागला. खुर्चीवर पिशवी परत ठेवायची की नाही, हे त्या कोळणीला पटकन ठरवता आलं नाही. मग तिने ती ठेवली.